विटो म्हणजे काय

सून : कुत्रं नाही हो आई. भांडं आहे, भांडं. विटो हे एका जातीच्या मातीच्या भांड्याचं नाव आहे.

सासू : मग तसं सांगावं ना. तू आपली फोनवर, विटो दोन नंबरला मिळालं, विटो नऊ नंबरला मिळालं. मला वाटलं तुमच्या ऑफिसातलं कुत्र्याचं पिल्लू असेल. म्हटलं, हरवतं तरी किती वेळा.

सासरे : मला वाटलं परदेशातला कुणी प्रोफेसर.

सून : सहा वर्षं मी या घरात हा एक शब्द बोलतेय, आणि दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. बरं. आता मीच विचारते. बाबा, तुम्ही पस्तीस वर्षं उत्खननांवर खापरांच्या नोंदी करायला होतात. जुने लोक विटो कशाला म्हणायचे?

सासरे : ऐकला नाही हा शब्द.

सून : जरा आठवून बघा.

सासरे : आठवायला आधी ऐकलेला असावा लागतो. काळं ऐकलंय, राखी ऐकलंय, रंगवलेलं, ठशाचं, खरवडलेलं. विटो नाही.

सून : अहो, तुमच्याच खात्याच्या, खापरं नोंदवायच्या कार्डांवर आहे. एक-दोन नाही, सहाशे बारा.

सासू : अगं, पण रविवारी दुपारी एवढं काय पेटलंय? चहा निवला बघ तुझा.

सून : आज सहाच्या आत लेख परत पाठवायचाय, आई. परदेशात ज्यांनी तपासला त्यांना बाकी सगळं पटलंय, एकच शंका काढलीय. विटो म्हणजे नेमकं काय ते सांगा आणि एका तरी खापराचा फोटो जोडा. एवढं दिलं की लेख छापायला गेला. आणि तो गेला तर मंगळवारी कमिटीपुढे माझी मुदतवाढ होते. नाहीतर महिनाअखेरीला कंत्राट संपलं. सरांनी तोंडावर सांगितलंय, लेख नाही तर नोकरी नाही.

सासू : मग दे की एक फोटो. त्यात काय.

सून : कशाचा देऊ? शुक्रवारी त्यासाठीच भांडारात गेले होते. चार खोकी उघडली. यादीत विटो, आणि आत बघावं तर साधी फिकट तांबडी खापरं. कुठेही मिळतील अशी. तो भांडारवाला जागचं हलत नाही आणि खोकी मात्र सगळी हलवून ठेवलीत त्याने.

सासरे : त्याला कशाला बोल लावतेस? शुक्रवारी म्हणजे पहिल्यांदाच गेलीस तू भांडारात?

सून : मला जायची गरजच नव्हती. माझ्या कामाची पद्धत वेगळी आहे.

सासरे : खापर हातात न घेता खापरांवर सहा वर्षं. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं झालं हे.

सून : झालं सुरू. एक खापर हातात धरून तुम्हाला एक खापर कळतं, बाबा. मला चाळीस हजार कार्डं एकदम बघायची असतात. आई, जरा मटार द्या इकडे.

सासू : सोललेले खाऊन नको टाकूस, भाजीला तेवढेच आहेत.

सून : खात नाही. हे बघा. हा एक दाणा म्हणजे उत्खननाची एक जागा. हा दुसरा. दोन्हीकडे एकाच जातीचं भांडं सापडलं तर मधे एक रेघ. ही शेंगेची शीर घ्या, ही ठेवली. जितकी सारखी भांडी जास्त, तितकी रेघ जाड. अशा एकोणचाळीस जागा मांडायच्या आणि मग बघायचं, कोण कोणाला बांधलेलं आहे, मधोमध कोण आहे, कडेला कोण पडलंय. याला नेटवर्क म्हणतात.

सासू : सोयरीक म्हण की. समोरच्या बाईंच्या घरी माझा झाकणाचा डबा दिसला, की समजावं येणंजाणं आहे.

सून : अगदी तेच. आता एकोणचाळीसपैकी या अकरा जागा बघा. अकराच्या अकरा एकमेकींना गच्च बांधलेल्या. बाकीच्यांचा आणि यांचा संबंध यथातथाच. आणि या अकरांना बांधणारं भांडं एकच. विटो. दुसऱ्या कुठल्याही जागी विटोचा तुकडा नाही.

सासरे : कोणत्या अकरा?

सून : दोन, पाच, सहा, नऊ, मग चौदा… तुम्हाला नंबर सांगून काय. मुद्दा असा की मधोमध नऊ नंबर आहे. सगळ्या जाड रेघा तिथे जातात. मी लिहिलंय, इथे मोठी बाजारपेठ असावी, आणि विटो घडवणारे कुंभार इथून माल पाठवत असावेत.

सासरे : नऊ नंबरला बाजारपेठ?

सून : का? हसताय कशाला?

सासरे : हसत नाही. नऊ नंबरला मी तीन हंगाम होतो. चार चुली आणि एक उकिरडा. एक धड भिंत नाही लागली.

सून : भिंत नसली म्हणून काय झालं? बाजार उघड्यावर भरतो. तुम्ही तीन खड्ड्यांतून बघत होतात, मी आकड्यांतून बघतेय.

सासू : नऊ नंबर म्हणजे तीच ना हो, जिथून गाडी थेट यायची आपल्या फाट्याला? नाहीतर बाकीच्या ठिकाणांहून दोनदा बदलायला लागायची. माझं आयुष्य या नंबरांत गेलं बघ. हे मातीत आणि मी घरात. शनिवारी दुपारी कॅम्प बंद व्हायचा म्हणून तोंड तरी दिसायचं. तेवढा दीड दिवसही चालू असता तर तुझ्या नवऱ्याने, ढब्बूने, बापाला फोटोतच पाहिलं असतं.

सासरे : तिच्या कामाचं चाललंय, त्यात हे कशाला?

सासू : मी कुठे काही म्हणाले. मी मटार सोलतेय.

सून : बाबा, मूळ कार्डाचा फोटो मागवलाय मी भांडारातून, काल रात्री आलाय. तसा उपयोगाचा नाही, कारण मला मजकूर टाईप केलेलाच मिळाला होता. पण निदान बघून सांगा, विटो हा शब्द कुठल्या रकान्यात लिहिलाय. नावाच्या की रंगाच्या. शाई पसरलीय.

सासरे : चष्मा दे.

सून : हा घ्या. मोठं करते. दिसतंय का?

सासरे : दिसतंय.

सासू : का हो? चेहरा असा का झाला? बघू मला. अगं, हे तर यांचंच अक्षर. हा "ट" बघ, पाय मोडलेला. पस्तीस वर्षं वाण्याच्या याद्या याच अक्षरात वाचल्यात मी.

सून : तुमचं कार्ड आहे हे, बाबा?

सासरे : माझं आहे.

सून : म्हणजे विटो तुम्हीच लिहिलंय, आणि मघापासून म्हणताय शब्द ऐकला नाही.

सासरे : मी विटो लिहिलेलं नाही. नीट वाच. वि, ट, टिंब. मग जागा. मग ओ, टिंब.

सून : विट. ओ.

सासरे : रंगाचा रकाना आहे. विटकरी. ओलं.

सून : काय?

सासरे : रंग विटकरी, खापर ओलं. रकाना बोटभर असतो, पूर्ण कुठे लिहिणार? विट टिंब, ओ टिंब.

सून : नाही. थांबा. हे असं नाही होऊ शकत.

सासरे : तू विटो कुठून आणलंस?

सून : टाईप करणाऱ्यांनी टिंबं आणि मोकळ्या जागा काढून टाकल्या. सगळ्याच कार्डांतल्या. प्रोग्रॅमला टिंबं चालत नव्हती.

सासरे : माझी टिंबं काढलीत आणि तुझी मांडलीस.

सून : बाबा, प्लीज. ते "विटओ" झालं. आणि विटओ वाचायला विचित्र दिसत होतं, मला वाटलं टायपिंगची चूक आहे. मीच ते दुरुस्त करून विटो केलं. मीच. एका बटणात सहाशे बारा ठिकाणी.

सासू : म्हणजे ध चा मा.

सून : सरांनी त्यावर दीड पान लिहिलंय. विटो हे एखाद्या लुप्त गावाचं नाव असावं म्हणून. तळटीप आहे. दोन तळटीपा.

सासू : आणि तो परदेशी तपासणारा?

सून : त्याला आवडलंय ते. तो म्हणतो, नाव फार सूचक आहे.

सासरे : पण खापराचा रंग ते ओलं असताना ठरवायचा नसतो, हे त्याला माहीत असेल. पाणी लागलं की फिकट तांबडं खापर विटकरी दिसतं. वाळलं की परत फिकट. नोंद वाळल्यावर करायची, हा पहिला नियम. पहिल्या दिवशी शिकवतात.

सून : म्हणजे शुक्रवारी मी जी खापरं बघितली...

सासरे : तीच. भांडारवाल्याने काही हलवलेलं नाही. तीस वर्षांत वाळली, एवढंच.

सून : अहो, मग असं असेल तर बाकीच्यांनी त्याच खापरांना फिकट तांबडं लिहिलं असणार. आणि ते तर एकोणचाळीसही जागी आहे. म्हणजे या अकरा जागा एकमेकींना जशा बांधलेल्या, तशाच सगळ्यांनाच. म्हणजे कुणालाच नाहीत. पण एक मिनिट, कार्डावर नोंदणाऱ्याचा नंबर असतो ना? तो रकाना मी सुरुवातीलाच काढून टाकला होता. जुन्या फाईलमध्ये असेल. तुमचा नंबर काय होता?

सासरे : सात.

सून : सात… सात… सात. सगळे सात आहेत. सहाशे बाराच्या सहाशे बारा.

सासू : अकरा जागा म्हणजे मग हे जिथे जिथे होते त्या.

सून : हो आई. मी बाबांच्या बदल्यांचा नकाशा काढलाय. सहा वर्षं लावून. आणि मधोमध बाजारपेठ बसवलीय.

सासू : मला विचारलं असतंस तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. सगळ्या पाठ आहेत.

सून : तो रकाना तेव्हाच का काढला मी. का काढला. कामाचा नाही म्हणे. माणसाचा एकच तर रकाना होता.

सासरे : सहा वर्षं तू या टेबलावर बसून काम करतेस. मी समोरच्या खुर्चीत पेपर वाचत असतो. एकदा विचारलं असतंस.

सून : आणि तुम्ही? तुम्ही एकदा विचारलंत, काय करतेस म्हणून? खापरांचं काम चाललंय हे माहीत होतं ना तुम्हाला?

सासरे : तुमच्या कॉम्प्युटरच्या कामात मी काय बोलणार. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाबा, तुमच्या वेळचं वेगळं होतं.

सून : म्हणाले असते. कबूल आहे. पण मला एक सांगा, नियम तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, तर मोडलात कशाला? सहाशे बारा वेळा?

सासरे : कधी ऊन नसायचं.

सून : खापरं सावलीतच वाळवतात, हे मलाही माहीत आहे.

सासरे : कधी गर्दी व्हायची. धुतलेल्या टोपल्या साठायच्या.

सून : साठल्या तर काय बिघडतं? दुसऱ्या दिवशी नोंदवायच्या. आणि मोडायचाच होता नियम, तर सरळ फिकट तांबडं लिहायचंत. वाळल्यावर कसं दिसेल ते तुम्हाला झोपेतही कळलं असतं.

सासरे : कळलं असतं. पण पाहिलं नाही ते लिहायचं कसं? मी जे पाहिलं ते लिहिलं. ओलं पाहिलं, ओलं लिहिलं. वाचणाऱ्याला कळावं म्हणूनच तर तो ओ घातला.

सून : तो ओच नडला ना. तो नसता तर ते नुसतं विटकरी झालं असतं आणि मी कधीच त्याच्या मागे लागले नसते. थांबा. तारखा आहेत इथे. ऊन नव्हतं म्हणताय ना, पावसाळी दिवस आहेत का बघते. नाही, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. कोरडे खडखडीत. मग वार काढू का? वार काढते.

सासरे : वाराचं काय करायचंय?

सून : टोपल्या कधी साठायच्या ते कळेल. हे बघा. शनिवार. शनिवार. शनिवार. शनिवार. बाबा, हे सगळे शनिवार आहेत.

सासू : मग काय झालं? शनिवारी दुपारी कॅम्प बंद व्हायचा, तो थेट सोमवारी उघडायचा.

सून : नाही हो आई. रविवारची इतरांची कार्डं आहेत. तीन नंबरच्या नोंदणाऱ्याची, आठ नंबरच्याची. कॅम्प कधीच बंद नव्हता.

सासू : अहो, मी तुम्हाला विचारतेय. शनिवारी दुपारी कॅम्प बंद व्हायचा ना?

सासरे : महिन्याचा शेवटचा रविवार सुट्टी. बाकी चालू.

सासू : मग तुम्ही दर शनिवारी संध्याकाळी घरी कसे असायचात?

सासरे : शनिवारच्या टोपल्या सकाळी अकराला धुऊन व्हायच्या. वाळायला दुसरा दिवस उजाडायचा. रविवारी नोंदवल्या की मी सुटलो, पण मग घरी पोचायला रात्र आणि सोमवारी पहाटे परत. पोर झोपलेलं बघायचं आणि झोपलेलंच सोडून यायचं. म्हणून अकरा ते अडीच ओल्याच नोंदवायचो. तीनची गाडी होती.

सून : रजा घ्यायची.

सासरे : रोजंदारीवर होतो पहिली नऊ वर्षं. रजा कसली? साहेब रविवारी फिरकायचे नाहीत. कार्डं भरलेली, टोपल्या रिकाम्या. कोण विचारतंय?

सासू : मला का नाही सांगितलंत?

सासरे : काय सांगायचं? चोरून येतो म्हणून?

सासू : हो. तेच सांगायचं. पस्तीस वर्षं मी तुम्हाला ऐकवत आले, कॅम्प बंद असतो म्हणून येता, नाहीतर आला असता कशाला. मघाशीसुद्धा ऐकवलं. आणि तुम्ही गप्प. प्रत्येक वेळी गप्प.

सासरे : साहेबांचा निरोप्या कधी घरी चौकशीला आला असता, तर तुला खोटं बोलायला लागलं असतं. तुला खोटं बोलता येत नाही. तुझे कान लाल होतात.

सून : सगळे शनिवार नाहीत. सहाशे बारामधले तीन बुधवारचे आहेत. एकाच दिवसाचे. सतरा जानेवारी, पाच नंबर.

सासू : कुठलं साल?

सून : ढब्बू… म्हणजे हे अडीच वर्षांचे असतील तेव्हाचं.

सासू : त्या दिवशी ढब्बू जिन्यावरून पडला. हनुवटीला पाच टाके. मी दूधवाल्याबरोबर निरोप पाठवला होता. हे दिवेलागणीला आले. म्हणाले, निरोप कसला, मला काही मिळाला नाही, काम लवकर आटपलं म्हणून आलो. मी वर्षभर बोलले नाही धड. म्हटलं, नशीब, योगायोगाने तरी बाप आला.

सासरे : मिळाला होता निरोप. तीनच खापरं उरली होती टोपलीत.

सासू : मग ती तरी कशाला नोंदवत बसलात? टाकून यायचंत.

सासरे : टोपली अर्धी सोडून कसं येणार?

सून : तुम्ही दोघं नंतर भांडा हो. माझं काय करू मी? पावणेपाच वाजलेत.

सासू : अगं, असं बघ. हे तुला माहीत, मला माहीत, यांना माहीत. तो परदेशी काय खापरं बघायला येणार आहे का? झाकली मूठ सव्वा लाखाची.

सून : त्याला फोटो हवाय, आई.

सासू : मग ओलं करून काढ.

सून : आई!

सासू : नाही, म्हणजे, मी आपलं म्हटलं. त्या भांडारवाल्याला सांग, एक खापर नळाखाली धर आणि फोटो काढून पाठव. विटकरी दिसेल ना? खोटं कुठे आहे त्यात?

सासरे : तुझे कान लाल झालेत.

सासू : होऊ देत.

सून : आई, सांगू का, मघाशी बाबांनी ओलं म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं होतं. भांडारवाल्याचा नंबरसुद्धा काढला मी फोनवर. हा बघा, अजून उघडा आहे.

सासरे : लाव.

सून : काय?

सासरे : लावायचा असेल तर लाव. मी काही बोलणार नाही. माझ्या तीन वाजताच्या गाडीपायी तुझी नोकरी जात असेल तर मला बोलायला तोंड नाही. मी सहाशे बारा वेळा नियम मोडलाय. तू एकदा मोडशील.

सून : असं बोलून तुम्ही माझी पंचाईत करताय, कळतंय का तुम्हाला? तुम्ही रागावला असतात तर मी लावला असता. तुम्ही नियम मोडलात, पण खोटं एकदाही लिहिलं नाहीत. वेळ नव्हता, साहेब नव्हते, कोणी बघत नव्हतं, तरी ओलं ते ओलं लिहिलंत. बोटभर जागेत. आणि मी इथे पंख्याखाली बसून तुमचा ओ गिळला.

सासरे : तू गिळलास असं कसं. टाईप करणाऱ्यांनी…

सून : मी, बाबा. दुरुस्त मी केलं. एकदा मूळ कार्ड मागवलं असतं तर दोन दिवसांत कळलं असतं. सहा वर्षांपूर्वी. सगळं काम दुसरीकडे वळलं असतं. आता विटो काढून परत चालवते, बघू या काय उरतंय. हे चाललं. हं. झालं.

सासू : काय दिसतंय?

सून : या मटारच्या शिरा उचला. सगळ्या. तेच दिसतंय. सुटे दाणे.

सासरे : नऊ नंबर?

सून : कोपऱ्यात. एकटा. चार चुली आणि एक उकिरडा.

सासरे : दुसरं काही निघेल यातून. कोण कसा नोंदवतो, त्याचं…

सून : आत्ता नको, बाबा. आत्ता धीर देऊ नका मला. माझा जीव जळतोय आणि तो जळू द्या थोडा वेळ. डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो माणसाचा. माझ्या डोंगरातून सासरे निघालेत.

सासू : हसू नका हो. ती रडतेय.

सासरे : हसत नाहीये.

सून : रडत नाहीये. डोळे दुखतायत. मेल लिहिते. लेख मागे घेते म्हणून.

सासू : आणि मंगळवार?

सून : मंगळवारी जाईन आणि हेच सांगेन. ठेवलं तर ठेवतील, नाही तर नाही. सर आधी फाडून खातील, त्यांच्या दोन तळटीपा गेल्या ना. आई, तुम्ही नका तोंड पाडू, तुमचं बघून मला अजून कसंतरी होतं.

सासरे : माझं नाव घाल त्यात. चूक कोणाची ते स्पष्ट लिही. निवृत्ताला कोण काय करणार?

सून : तुमचं नाव घालणार आहे. पण चूक म्हणून नाही. "विट. ओ. ही नोंद क्रमांक सात यांनी केलेली असून तिचा अर्थ विटकरी, ओलं असा आहे. हे भांड्याच्या जातीचं नाव नाही. लेखिकेने ते चुकीचं वाचलं." असं. बरोबर आहे?

सासरे : मधे टिंबं नीट घाल.

सून : घातली. आता ते विचारणार, ओली असताना नोंद का झाली? एका ओळीत कारण द्यायला हवं, नाहीतर तुमची बाकीचीही कार्डं संशयात येतील. पस्तीस वर्षांची. काय लिहू?

सासरे : घाई, असं लिही. नोंदणाऱ्याची घाई.

सून : घाई.

सासू : घाई नको लिहूस गं.

सून : मग काय लिहू?

सासू : तीनची गाडी होती, असं लिही.